एकबारी पिस्तुलाचे दुसरे आयुष्य

१८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट मिळवले. एकामागून एक पाच-सहा बार काढणारे शस्त्र हाती आल्यावर, एकदा झाडले की रिकामे होणारे एकबारी पिस्तूल संग्रहालयात जाऊन बसायला हवे होते. सैनिकाच्या कमरेवरून ते यथावकाश उतरलेही. परंतु १८० वर्षांनंतर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, पन्नास मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक एकबारी पिस्तुलानेच जिंकले गेले. अमेरिकेच्या जंगलांत हरणामागे जाणारे अनेक शिकारी आजही कमरेला सहाबारी रिव्हॉल्व्हर न लावता एकाच काडतुसाचे पिस्तूल खांद्यावर पट्ट्याने अडकवून निघतात.

युद्धभूमीने टाकून दिलेले हे शस्त्र मैदानावर आणि जंगलात का टिकले, जुने एकबारी पिस्तूल आणि नवे एकबारी पिस्तूल यांत नेमका फरक कशाचा, हा या धाग्याचा विषय. उत्तर अर्थातच पोलादात आणि कारागिरीत आहे. पण त्याहून अधिक ते स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतील घड्याळात आहे, आणि काही अंशी कायद्याच्या मोजपट्टीत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. एकबारी पिस्तूल म्हटले की मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलिसांनी जप्त केलेला गावठी कट्टा उभा राहतो. येथे बोलायचे आहे ते त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या वस्तूबद्दल: एकच गोळी, पण ती जिथे ठरवली तिथेच गेली पाहिजे, या हट्टातून घडलेल्या पिस्तुलांबद्दल.

या हट्टाचे पहिले माहेर युरोपातील द्वंद्वयुद्धाचे पिस्तूल. ठासणीची ती जोडपिस्तुले अत्यंत काळजीने घडवलेली असत, आणि अनेकांना हलक्या स्पर्शाने सुटणारा चाप असे. १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिराने दारूच्या टोपीतच छोटी गोळी बसवून घरात झाडता येईल असे चिमुकले काडतूस केले. दिवाणखान्यात नेमबाजी खेळण्याची फॅशन त्यातून आली. आता ठासणे नको, गज नको, दारूचे मोजमाप नको. नळी मागून उघडली, काडतूस सरकवले, की पिस्तूल तयार.

अमेरिकेत ही कल्पना ज्याने सर्वसामान्यांच्या खिशापर्यंत नेली तो जोशुआ स्टीव्हन्स. १८६४ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी फॉल्स येथे कारखाना उभा केला आणि त्याच वर्षी बिजागरीवर झुकणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. रचना कोणालाही एका वाक्यात समजावी अशी. चौकटीच्या डाव्या बाजूची कळ दाबली की नळीचे पुढचे टोक खाली झुकते आणि मागचे तोंड वर येते. काडतूस घालून नळी पुन्हा बसवायची, अंगठ्याने घोडा ओढायचा, चाप दाबायचा. यात फिरणारे चक्र नाही, काडतुसांचे कोठार नाही, आपोआप मागेपुढे सरकणारा पोलादी ठोकळाही नाही. हलणारे भाग जितके कमी, तितकी नळी प्रत्येक वेळी त्याच जागी परत बसण्याची शक्यता अधिक. अचूकता म्हणजे पुनरावृत्ती. बाकी सारे तपशील.

स्टीव्हन्सने आपल्या उत्तम पिस्तुलांना त्या काळच्या नेमबाजांची नावे दिली. लॉर्ड, गूल्ड आणि कॉन्लिन ही तीन नमुन्यांची नावे. त्यांतील आर्थर कॉर्बिन गूल्ड हा नेमबाजीवरील नियतकालिकाचा संपादक, आणि कॉन्लिन हा न्यूयॉर्कमधील नेमबाजीच्या गॅलरीचा मालक. खेळाडूच्या नावाने बॅट विकण्याची युक्ती क्रिकेटवाल्यांची नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे. या पिस्तुलांच्या नळ्या दहा इंचांपर्यंत लांब असत, वजन पुढच्या बाजूला, मूठ सडपातळ. एक हात सरळ ताणून, दुसरा कमरेवर ठेवून उभ्या राहणाऱ्या त्या काळच्या नेमबाजाला हे वजन सोयीचे होते, कारण जड टोक हाताचा सूक्ष्म कंप शोषून घेते.

याच कंपनीचे खरे चिरंजीव अपत्य मात्र पिस्तूल नव्हते. १८८७ च्या सुमारास तिने .२२ लाँग रायफल हे काडतूस आणले. आधीच्या .२२ लाँग काडतुसाची पुंगळी आणि तीत ४० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, वजनाची शिशाची गोळी. एवढाच बदल. पण आज जगात नेमबाजी शिकणारा मुलगा वा मुलगी पन्नास मीटरवर जे काडतूस झाडते ते हेच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्या पन्नास मीटर रायफलचेही काडतूस हेच. त्याचा धक्का नाममात्र, किंमत कमी, आणि एका विशिष्ट नळीशी त्याचे सूत जमले की गोळ्या एकावर एक पडतात.

त्याच काळात रेमिंग्टनने दुसरी वाट धरली होती. तिच्या पिस्तुलात नळी जागची हलत नसे. नळीमागे पोलादाचा एक जाड ठोकळा मागे फिरे आणि काडतूस घातल्यावर पुन्हा वर येई. घोडा पडताना त्या ठोकळ्याखाली अडसर होऊन बसे, त्यामुळे स्फोटाचा जोर जितका जास्त तितकी पकड घट्ट. अमेरिकन नौदलाने १८६० च्या दशकात अर्ध्या इंच व्यासाच्या गोळीची अशी पिस्तुले विकत घेतली होती. शतकाच्या अखेरीस कंपनीने त्याच यंत्रणेवर नेमबाजीची नाजूक पिस्तुले काढली. मजबुतीच्या कसोटीवर स्टीव्हन्सची बिजागरी रेमिंग्टनच्या ठोकळ्यापुढे फिकी होती. पण .२२ च्या सौम्य काडतुसाला एवढी मजबुती लागत नव्हती, आणि बाजाराने हलक्या, स्वस्त पिस्तुलाला कौल दिला.

स्मिथ अँड वेसनने तर आपल्या .३८ रिव्हॉल्व्हरच्याच चौकटीवर एकबारी नळी बसवली. १८९१ च्या या नमुन्यात चक्र आणि आखूड नळी काढून त्याजागी लांब एकबारी नळी लावता येई; दोन्हींचा संच एकाच पेटीत मिळे. एक चौकट आणि गरजेनुसार बदलत्या नळ्या. ही कल्पना लक्षात ठेवावी, कारण पाऊणशे वर्षांनी ती नव्या कपड्यांत परत येणार आहे आणि थेट सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढणार आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेत एकबारी पिस्तूल बहरले आणि कोमेजले. स्मिथ अँड वेसनने १९२५ मध्ये बाजूला वळणाऱ्या नळीचे ‘स्ट्रेट लाइन’ आणले, कोल्टने १९२६ मध्ये ‘कँप पेरी’, हॅरिंग्टन अँड रिचर्डसनने १९२८ मध्ये आपले स्पर्धा-पिस्तूल. कारागिरी उत्तम. ‘कँप पेरी’ची कथा विशेष बोलकी आहे: कोल्टने आपल्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमधील सहा घरांचे चक्र काढून त्या जागी एकाच घराचा सपाट ठोकळा बसवला. ज्या कंपनीने एकबारी पिस्तुलाला निवृत्त केले, तिनेच नव्वद वर्षांनी आपल्या रिव्हॉल्व्हरला एकबारी केले!

तरी १९४१ पर्यंत ही सारी उत्पादने थांबली. दोष पिस्तुलांचा नव्हता, घड्याळाचा होता. अमेरिकन पिस्तूल स्पर्धेत संथ फेरीबरोबर दोन जलद फेऱ्या असतात: एकीत वीस सेकंदांत पाच गोळ्या, दुसरीत दहा सेकंदांत पाच. दहा सेकंदांत नळी पाचदा उघडून, पुंगळी काढून, काडतूस भरून नेम धरणे मानवी हाताला अशक्य. एकबारी पिस्तूल संथ फेरीत राजा असेल; उरलेल्या दोन फेऱ्यांना वेगळे शस्त्र हवेच. कोल्टने १९१५ मध्येच .२२ चे स्वयंचलित पिस्तूल बाजारात आणले होते, आणि तिन्ही फेऱ्यांना तेच एक पुरते म्हटल्यावर नेमबाज दुसरे का सांभाळील? थोडी अचूकता गेली, सोय मिळाली.

अटलांटिकच्या पलीकडे घड्याळ निराळे चालत होते. ऑलिंपिकमधील पन्नास मीटर पिस्तूल प्रकारात, ज्याला ‘फ्री पिस्तूल’ म्हणत, साठ गोळ्या झाडायच्या आणि त्यासाठी बराच वेळ मिळे. पुढे तो दोन तासांवर आणि अखेरीस दीड तासावर आला. ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ शस्त्रावरील बंधनांपासून मोकळे. काडतूस .२२ लाँग रायफल, माशी आणि खाच उघडी, दुर्बीण नाही, मूठ मनगट बांधणारी नको. एवढे सोडल्यास वजन, नळीची लांबी, चापाचा हलकेपणा, सारे खेळाडूच्या मर्जीवर. लक्ष्याच्या मधोमध असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त पन्नास मिलिमीटर. पन्नास मीटर अंतरावरून, एका हाताने, कसलाही आधार न घेता. हातात सुईदोरा धरून मैदानाच्या दुसऱ्या टोकावरच्या सुईत ओवण्यासारखाच हा प्रकार.

वेळ मुबलक आणि बंधने थोडी असल्यावर एकबारी यंत्रणेला प्रतिस्पर्धीच उरला नाही. स्विस आणि जर्मन कारागिरांनी येथे जी यंत्रणा निवडली तिचे नाव इतिहासाच्या वाचकाला ओळखीचे आहे: मार्टिनी. ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीतील तोच झुकणारा ठोकळा. झुलूंविरुद्ध आणि अफगाणांविरुद्ध झाडलेल्या रायफलीची यंत्रणा, आकाराने लहान होऊन, स्वित्झर्लंडमधील लेन्झबुर्गच्या हॅमर्ली कंपनीच्या फ्री पिस्तुलांत जाऊन बसली. हॅमर्लीने १९३३ पासून अशी पिस्तुले काढली आणि पुढे अनेक दशके त्यांत सुधारणा केल्या.

सुधारणा कशाच्या? नळीची अचूकता तर आधीच माणसाच्या हातापेक्षा कितीतरी पुढे होती. पन्नास मीटरवर यंत्रात आवळलेले पिस्तूल सर्व गोळ्या दहाच्या वर्तुळात सहज टाकते. चुकतो तो हात. म्हणून सारी बुद्धी एका प्रश्नावर खर्च झाली: चाप दाबल्याच्या क्षणापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत जो अल्प काळ जातो, तेवढ्यात हात हलू नये यासाठी काय करावे? पहिले उत्तर म्हणजे आतला आघाताचा भाग हलका आणि त्याचा प्रवास अगदी छोटा करणे. दुसरे म्हणजे चाप काही ग्रॅमांच्या स्पर्शाने सुटावा इतका हलका करणे. तिसरे उत्तर सोव्हिएत आहे. तुला शहरातील शस्त्रकारखान्यात येफिम खैदुरोव याच्या आराखड्यावरून १९६० च्या दशकात टीओझेड-३५ हे पिस्तूल आले. त्याची नळी मुठीवर उंच बसलेली नसून हाताच्या जवळ, खाली आहे. त्यामुळे धक्का हाताला वर न उडवता सरळ मागे ढकलतो. मूठ लाकडाची, पण ती हाताभोवती हातमोज्यासारखी वेढलेली, प्रत्येक खेळाडूच्या पंजाप्रमाणे कानस मारून जुळवलेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन उलमनने ६०० पैकी ५५९ गुणांचा विश्वविक्रम केला होता. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या अलेक्सांदर मेलेंतिएवने ५८१ गुण मिळवले. चव्वेचाळीस वर्षांत बावीस गुण.

पुढे स्विस मोरिनी कंपनीच्या पिस्तुलात चापाची यांत्रिक साखळीच गेली आणि विजेवर चालणारा चाप आला. बोट फक्त संदेश देते. बाकीचे काम विद्युत परिपथ करतो. स्टीव्हन्सच्या लॉर्ड पिस्तुलाशेजारी हे ठेवले तर कोणी त्यांना एका घराण्याचे म्हणणार नाही. एक सोनाराच्या दुकानातील वाटते, दुसरे दंतवैद्याच्या. पण काम तेच: नळी उघड, एक काडतूस घाल, बंद कर, थांब.

शिकारीच्या पिस्तुलाची कथा वेगळ्या गरजेतून सुरू होते. तिथे समस्या हाताच्या कंपाची नाही, ताकदीची आहे. १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .४४ मॅग्नम हे काडतूस आणले आणि हरणाची शिकार हातातल्या शस्त्राने करता येते हे अमेरिकनांच्या मनावर ठसले. मात्र रिव्हॉल्व्हरच्या रचनेत दोन अंगभूत मर्यादा आहेत. चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट ठेवावीच लागते, आणि तीतून तप्त वायू निसटतात. शिवाय चक्राच्या लांबीहून लांब काडतूस त्यात बसत नाही. स्वयंचलित पिस्तुलाची अडचण तशीच, कारण तिथे काडतूस मुठीच्या रुंदीत मावावे लागते. रायफलीचे लांब, निमुळते काडतूस हातात धरून झाडायचे असेल तर चक्र नको, कोठार नको. म्हणजे पुन्हा एकबारी.

१९६३ मध्ये या दिशेने दोन प्रयत्न झाले. रुगरने आपल्या रिव्हॉल्व्हरच्या चौकटीत चक्राऐवजी फिरता ठोकळा बसवून ‘हॉकआय’ काढले. ते देखणे होते, चालले नाही, काही हजार नगांवर थांबले. रेमिंग्टनचे ‘एक्सपी-१००’ दिसायला विचित्र होते: रायफलीची खटक्याची यंत्रणा, साडेदहा इंचांची नळी, आणि नायलॉनचा दस्ता ज्याच्या मध्यभागी मूठ. त्या काळच्या अवकाशयुगाचा प्रभाव त्याच्या आकारावर स्पष्ट दिसतो. त्यासाठी खास बेतलेल्या .२२१ फायरबॉल काडतुसाची ५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,६५० फूट वेगाने सुटते, असे कंपनी सांगे. .२२ लाँग रायफलच्या दुपटीहून हा वेग खूपच पुढे. पिस्तूल म्हणावे की दस्ता कापलेली रायफल, असा प्रश्न येथेच पहिल्यांदा मनात येतो.

आणि मग १९६७ चे ‘कंटेंडर’. न्यू हॅम्पशायरमधील रॉचेस्टर गावात के. डब्ल्यू. थॉम्पसन यांचा ओतकाम आणि हत्यारांचा कारखाना होता. वॉरन सेंटर हा शस्त्ररचनाकार तिथे आला आणि दोघांच्या आडनावांतून थॉम्पसन/सेंटर ही कंपनी झाली. कंटेंडरची रचना पाहिली की स्टीव्हन्सची आठवण यावीच. नळी बिजागरीवर झुकते. फरक एवढाच की कळ बाजूला नाही. चापाभोवतीची कडी मागे ओढली की पिस्तूल उघडते. पुढचा लाकडी भाग काढून बिजागरीची खीळ बाहेर सरकवली की सबंध नळी सुटते आणि दुसरी बसवता येते. घोड्यावरील एक छोटी कळ फिरवली की तीच चौकट काठावर आघात मागणाऱ्या .२२ ला आणि मध्यावर आघात मागणाऱ्या मोठ्या काडतुसालाही चालते. दुर्बीण चौकटीवर नव्हे, नळीवर बसते; त्यामुळे नळी बदलली तरी नेमाची जुळणी त्या त्या नळीबरोबर कायम राहते. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्यामुळेच एका चौकटीवर पाच-सहा नळ्या बाळगणे व्यवहार्य झाले.

मग बिजागरी एकच असताना शंभर वर्षांत बदलले काय? बदलला तो सोसता येणारा भार. स्फोटाचा दाब पुंगळीच्या तळाला मागे ढकलतो आणि तो सारा जोर खिट्टीवर व बिजागरीवर येतो. आजच्या मानकांनुसार .२२ लाँग रायफलचा कमाल दाब दर चौरस इंचाला २४,००० पौंड, आणि .३०-३० या हरणाच्या शिकारीच्या जुन्या काडतुसाचा ४२,०००. दाबातील फरक दुपटीहून कमी दिसतो, पण.३०-३० चा तळ रुंद असल्याने त्याचे क्षेत्रफळ साडेतीनपटीच्या आसपास जाते. ढोबळ हिशेबाने मागे येणारा जोर सहापट होतो. स्टीव्हन्सची नाजूक खिट्टी काळ्या दारूच्या सौम्य काडतुसांसाठी होती. तिच्यावर हा भार टाकणे म्हणजे बैलगाडीच्या आसाला ट्रकचा माल लादणे. कंटेंडरच्या पोलादाला .३०-३० पेलते. .३०८ सारख्या ६२,००० पौंड दाबाच्या काडतुसाला मात्र तेही अपुरे. त्यासाठी कंपनीला १९९० च्या दशकात अधिक जाड चौकटीचे ‘एन्कोर’ काढावे लागले. जुने आणि नवे यांतील सीमारेषा खरोखर इथे आहे, दिसण्यात नाही.

कंटेंडरचे नशीब उजळले ते मात्र शिकारीपेक्षा एका खेळामुळे, आणि पुन्हा घड्याळामुळे. मेक्सिकोतून आलेल्या या खेळात पोलादी पत्र्याचे कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा असे आकार अनुक्रमे ५०, १००, १५० आणि २०० मीटरवर उभे करतात. गोळी लागणे पुरेसे नाही. आकार आडवा पडला पाहिजे. १९७६ मध्ये या खेळाच्या पिस्तूल प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या नियमात पाच आकारांसाठी दोन मिनिटे मिळतात. जुन्या स्पर्धेतील दहा सेकंद आणि इथली दोन मिनिटे! एका गोळीला चोवीस सेकंद म्हणजे एकबारी पिस्तुलाला आरामाची वेळ. आणि दोनशे मीटरवरचा जड मेंढा पाडायला लागणारा जोर साध्या पिस्तूल-काडतुसात भरवशाने मिळत नसे. कंटेंडरची नळी दहा इंचांवरून चौदा इंच झाली, वेस युगाल्डेने पुंगळ्यांची तोंडे रुंदावून ७ मिलिमीटरची खास काडतुसे बेतली, जे. डी. जोन्स याने त्याहून दांडगी काडतुसे शिकारीसाठी घडवली. १९४१ मध्ये संपलेला प्रकार पस्तीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

शिकारीत एकच गोळी हातात असण्याचा प्रश्न नैतिकही आहे. या पंथाचे लोक म्हणतात की दुसरी गोळी नाही हे ठाऊक असल्याने शिकारी जवळ जातो, थांबतो, खात्री नसेल तर झाडत नाही. युक्तिवादात तथ्य आहे. मात्र तो पूर्ण नाही. जखमी जनावर दाट झाडीत शिरते तेव्हा नळी उघडून पुन्हा भरण्यात गेलेल्या सेकंदांची किंमत शिकारी मोजत नाही, जनावर मोजते. दुर्बीण आणि रायफलीच्या काडतुसाने अंतर वाढवले, त्याबरोबर मोहही वाढवला. जुन्या .२२ स्टीव्हन्सने ससे आणि खारी टिपणाऱ्याला हा मोह नव्हता. त्याच्या शस्त्रानेच त्याला जवळ जायला भाग पाडले होते. (भारतीय वाचकाला हा वाद परका वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून येथे शिकारीचे दरवाजे बंद होत गेले, त्यामुळे शिकारीचे पिस्तूल ही वस्तूच येथे घडली नाही.)

आता मोजपट्टी. स्टीव्हन्सने १८७० च्या आसपासपासून ‘पॉकेट रायफल’ नावाचा एक प्रकार विकला होता: लांब नळीचे पिस्तूल आणि त्याला मागून अडकवता येणारा तारेचा हलका दस्ता. सायकलवरून फिरायला जाणाऱ्या हौशी लोकांत तो लोकप्रिय होता. १९३४ मध्ये टोळीयुद्धांनी त्रस्त अमेरिकेने मशीनगन आणि लपवता येणाऱ्या आखूड बंदुकांवर जबर कर बसवणारा कायदा केला. दस्ता असलेली आखूड नळीची बंदूक म्हणजे ‘आखूड रायफल’, तिच्यावर २०० डॉलर कर. आजोबांची सायकलवरची पॉकेट रायफल कागदोपत्री टोळीवाल्यांच्या शस्त्रांच्या रांगेत जाऊन उभी राहिली! पुढे अशा अनेक नमुन्यांना संग्राह्य वस्तू म्हणून त्यातून वगळण्यात आले.

अर्धशतकानंतर तोच प्रश्न कंटेंडरपुढे आला. कंपनीने एक संच विक्रीला आणला: पिस्तुलाची चौकट, दहा इंचांची नळी, शिवाय २१ इंचांची नळी आणि रायफलीचा दस्ता. लांब नळीला दस्ता लावला तर ती कायदेशीर रायफल. आखूड नळीला मूठ लावली तर कायदेशीर पिस्तूल. पण कोणी आखूड नळीला दस्ता लावला तर? सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल, म्हणजे करपात्र शस्त्र. सरकारचे म्हणणे असे की तशी जोडणी शक्य आहे एवढ्यानेच संच करपात्र ठरतो. कंपनीने २०० डॉलर भरले आणि परताव्यासाठी दावा लावला. दोनशे डॉलरचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून १९९२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कंपनी जिंकली. न्यायमूर्ती सूटर यांच्या निकालाचा गाभा असा: कायद्याचा अर्थ संदिग्ध आहे, त्याला फौजदारी परिणाम आहेत, आणि अशा वेळी संशयाचा फायदा नागरिकाला. विरोधी मत देणाऱ्या चौघांत न्यायमूर्ती स्टीव्हन्स होते. बंदुकीच्या कारखानदाराशी त्यांचा काही संबंध नाही, पण इतिहासाला असे विनोद सुचतात.

स्मिथ अँड वेसनने १८९१ मध्ये एका पेटीत दोन नळ्या विकल्या तेव्हा कोणाला वकील लागला नव्हता. यंत्रणा तीच असली तरी तिच्याभोवतीचा समाज बदलतो, आणि मग एका खिळीच्या अंतरावर गुन्हा आणि छंद शेजारी राहू लागतात.

ऑलिंपिकच्या फ्री पिस्तुलाचा शेवट अधिक शांतपणे झाला. २०१४ मध्ये स्पेनमधील ग्रॅनडा येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने ५८३ गुण मिळवून मेलेंतिएवचा चौतीस वर्षांचा विक्रम मोडला. त्या स्पर्धेत रौप्यपदक भारताच्या जितू रायचे होते. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून मराठी माणसाला परिचित असलेल्या महू येथील लष्करी नेमबाजी केंद्रातील हा जवान. त्याच वर्षी त्याने ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकले. दोन वर्षांनी रिओत जिनने अंतिम फेरीत मध्येच एक गोळी ६.६ गुणांवर घालवली, आणि तरीही सलग तिसरे ऑलिंपिक सुवर्ण घेतले.

तो या प्रकाराचा अखेरचा ऑलिंपिक सामना ठरला. पन्नास मीटर पिस्तूल फक्त पुरुषांसाठी होते. स्त्री-पुरुष समानतेच्या धोरणानुसार टोकियोपासून ते वगळून त्याजागी दहा मीटर एअर पिस्तुलाचा मिश्र सांघिक प्रकार आणण्यात आला. धोरणाचा हेतू रास्त होता; स्त्रियांसाठी पन्नास मीटरचा प्रकार सुरू करूनही तो साधला असता, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पिस्तूल मिश्र प्रकार म्हणून टिकून आहे, आणि टोकियोत त्यात मनीष नरवालने सुवर्ण व सिंगराज अधानाने रौप्य जिंकले. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांनी मिश्र एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले. एअर पिस्तुलात दारू नाही, पुंगळी नाही, अंतर पन्नासऐवजी दहा मीटर. पण नियमाने त्यातही एका वेळी एकच छर्रा भरता येतो.